नटबोल्टचा पखवाज

देवळातल्या त्या नव्या पखवाजाचा मला इतका तिटकारा आहे की दर्शनाला गेले तरी मी त्याच्याकडे पाठ करून बसते. लालभडक फायबरचं खोड, दोन्ही तोंडांना चामड्याऐवजी प्लास्टिकची पानं आणि भोवती स्टीलचे नटबोल्ट. वाद्य आहे की पाण्याच्या मोटारीचा पार्ट, सांगता यायचं नाही. थाप मारली की बादली बडवल्यासारखा आवाज येतो, आणि उन्हाळा असो की श्रावण, अगदी तेवढाच येतो. दुकानदार म्हणे हीच त्याची खासियत. डोंबलाची खासियत!

दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पखवाज शिसवाचा होता. नाशिकजवळ आमचा फुलांचा मळा. दिवसभर शेवंती नि झेंडू, आणि दर एकादशीला संध्याकाळी गावच्या देवळात भजन. चाळीस वर्षं तिथे पखवाज दादांचाच. त्या पखवाजाचे नखरे फार. हवा दमट झाली की त्याचा घसा बसायचा. मग दादा हातोडीनं वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकत बसायचे; चामड्याच्या वाद्या ताणल्या की तो हळूहळू बोलायला लागायचा. शिवाय भजनाआधी डाव्या तोंडावर ओली कणीक थापावी लागे, त्याशिवाय तो घुमत नसे. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले, तेव्हापासून ती कणीक मळायचं काम माझं. घट्ट झाली तर दादा परात मागे सरकवायचे, कानाच्या पाळीसारखी मऊ झाली की मान हलवायचे. भजन संपलं की खरवडून गाईला घालायची.

माझा धाकटा भाऊ भजनी मंडळाचा सेक्रेटरी. त्याला ही सगळी कटकट वाटायची. गेल्या वर्षी दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आठ दिवस ते घरात पडून होते. तेवढ्यात त्यानं शहरातल्या एका दुकानात जुना देऊन नवा आणायचं ठरवलं. "ताई, दादांच्यानं आता ते धूड उचलवतं का? नवा हलका आहे. त्यांनाच बरं." मला पटलं. सांगायला लाज वाटते, पण पटलं. मीच जुना पखवाज पुसला, मीच त्याच्या गवसणीची नाडी बांधली आणि टेम्पोत ठेवून दिला.

पुढच्या एकादशीला दादांसमोर नवा आला. त्यांनी नेहमीसारखी कणीक घेतली आणि डाव्या तोंडावर थापली. ह्याला कणीक लागतच नाही, हे त्यांना सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मीसुद्धा सवयीनं मळूनच नेली होती! प्लास्टिकवर ती कसली टिकते? दुसऱ्याच थापेला गोळा सुटला आणि दादांच्या धोतरावर पडला. पोरंटोरं फिदीफिदी हसली, दोन-चार मोठी माणसंही. दादांनी गोळा उचलून बाजूला ठेवला आणि वाजवत राहिले. पण ठेका पुढे पळायला लागला. गाणारा एकीकडे, दादा दुसरीकडे. टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी भावानं खूण करून पखवाजावर दुसऱ्याला बसवलं आणि स्पीकर वाढवला. "वय झालं आता," लोक म्हणाले. ज्यांना आयुष्यात कधी सम सापडली नाही, ते म्हणाले! शी! मला त्यांची किळस आली, आणि त्यांच्याहून जास्त माझी स्वतःची.

सकाळी भावाला घेऊन दुकान गाठलं. म्हटलं, नवा ठेवा तुमच्याकडे, आमचा जुना परत द्या. दुकानदारानं हसत मोबाइलवर फोटो दाखवला. शहराबाहेरच्या कुठल्याशा रिसॉर्टनं तो शोभेला घेतला होता. पानं फाडून आत बल्ब बसवलेला, वर काच, आणि काचेवर कॉफीचे कप. "बघा ना ताई, काय सुंदर दिसतोय," तो म्हणाला. मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊ खाली मान घालून उभा होता.

घरी येऊन दादांच्या कानाशी ओरडले, "नाही मिळत तो परत!" त्यांना कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं. हवं तेवढंच ऐकतात, अशी चेष्टाही करायचो. दादा माझ्या ओठांकडे बघत होते.

"वरडू नको बाई," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली, मला कायबी ऐकू येत नाय. पखवाज मांडीला टेकलेला असायचा ना, तर समद्यांचं गाणं त्या लाकडातून मांडीत यायचं. टाळबी कळायचे. तेवढ्यावर वाजवत व्हतो. ह्या डब्यातून कायच येत नाय."

दुसरा शिसवाचा आणू, असं मी हातवारे करून सांगितलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. सगळ्या गावासमोर एकदा हसं झालं, तेवढं पुरे म्हणाले.

आता ते देवळात जात नाहीत. मंडळानं आणखी मोठे स्पीकर घेतलेत, एकादशीला भजनाचा गोंगाट मळ्यातल्या आमच्या घरापर्यंत स्पष्ट येतो. दादा ओट्यावर बसलेले असतात. मी चहा घेऊन बाहेर गेले की माझा हात धरतात आणि विचारतात, "सुरू झालं का गं भजन?"