न्हाणीतला शरभ

आमच्या गावामागचा किल्ला एवढा उंच, की साताऱ्यात सकाळी पडलेलं ऊन आमच्याकडं पोचायला दुपार व्हायची. चीनची लढाई होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. बहिणीला बघायला तासगावकडचे पाव्हणे आले. मुलाचे वडील पेन्शनीतले सुभेदार. पोरगी पसंत पडली; पण होकार द्यायच्या आधी ते म्हणाले, "आदी गड दाखवा."

मीच नेलं त्यांना. दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत दडलेला. म्हटलं, "नाकाला लागंस्तोवर दिसत न्हाई. आन् हत्तीला धडक द्यायला धावायला जागा न्हाई. एक हत्ती या वळणात अडकला, त्यो हितंच म्हातारा झाला!"

सुभेदारांची मिशीसुद्धा हलली नाही. तटातल्या तिरप्या भोकाला डोळा लावून त्यांनी खालची वाट पाहिली. "मोर्चा पक्का हाय," म्हणाले. मग नजर कमानीकडं. डाव्या अंगाला दगडात कोरलेला शरभ, वाघाचं तोंड, पंजा उगारलेला. उजव्या अंगाला नुसतं भगदाड.

"ह्याचा जोडीदार?"

"शत्रूनं नेला. दिल्लीला. वाटंत चार उंट मेले."

घरी आलो. सुभेदार पाय धुवायला निघाले आणि मी "पानी अंगनातच देतो" म्हणेस्तोवर न्हाणीत शिरलेसुद्धा. आमच्यात घर बांधायचं म्हणजे गडावरचे चिरे खाली गडगडवायचे, ही रीतच. आमच्या न्हाणीतल्या चिऱ्यावर आई रोज टाचा घासायची.

पाणी पडल्याचा आवाज येईना. मग आतून हाक आली, "आवं पाव्हणं, दिल्ली लय जवळ हाय की तुमची!"

चुलीपुढं बहिणीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिची सोयरीक आता माझ्या जिभेवर.

"गडावर राखायला काय उरलंय?" मी म्हणालो. "म्हनून त्याची बदली खाली केली."

"आन् ड्यूटी न्हाणीत?" सुभेदार ओल्या पायांनी बाहेर आले. मिशी आता हलत होती. "आमच्या गडाच्या तोफंला आमी म्हशी बांधतो. पोरगी आमची. पर लग्नात ह्यो दारात उभा पायजे."

शरभ उपटायला गावातले सगळे बैल जुंपले, तरी दोन कमीच पडले. बहीण त्याच्यासमोरून सासरी गेली. तो अजून दारात आहे, त्यामुळं आमच्याकडं कुत्र्याला कामच नाही.

आई मात्र माहेरपणाला आलेल्या लेकीला दरवेळी विचारायची, "तुमच्या गडावर एखादा खरबरीत दगड हाय का गं?"