माझं ‘नको’ आणि चाकांचं घर

आमची दोन घरं आहेत. त्यातल्या एकाला सहा चाकं आहेत, आणि गेल्या वर्षभरात त्यातलं एकही फिरलेलं नाही.

हे चाकांचं घर माझ्या मालकांनी आणलं. मालक म्हणजे आमचे हे. बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाले त्या दिवशी हार घालून घरी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना काही सुचेना. खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर दाबायचे. मला वाटलं, वात आला. आठ दिवस तेल चोळलं. मग कळलं, अंगणातून कोंबडी आडवी गेली की ते ब्रेक लावत होते.

एका दुपारी म्हणाले, “आपण घराची गाडी घिऊ. पलंग, शेगडी, बेसिन, संडास, समदं गाडीतच. जाईल तिथं घर आपल्यासंगं.”

घर आपल्यासंगं येण्यात मला काही नवल नव्हतं. माझं बरंचसं लहानपण तसंच गेलं. बापाची मेंढरं होती. दिवाळी झाली की आम्ही घर घोड्यावर घालायचो. खाली भांडी, त्यावर वाकळा, वाकळांवर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यात वर कुत्र्याची पिल्लं. मागून मी, काखेत कोकरू घेऊन. चार दिवस एका रानात, चार दिवस दुसऱ्या. आजोळी ठेवली होती म्हणून चौथीपर्यंत शाळा तरी झाली. पुढं घोड्यामागं चालायला माणूस कमी पडलं. त्यामुळे लग्न ठरलं तेव्हा मी एकच गोष्ट विचारली, की घर जागचं हलत नाही ना? (म्हणजे मनात विचारली. तोंडानं मी काही विचारत नाही.) दोन खोल्या होत्या, वर पत्रा, पुढं ओटा. मी हो म्हटलं. (म्हणजे मान हलवली.)

तेव्हा आता मला फक्त ‘नको’ म्हणायचं होतं. चालून चालून माझे पाय लग्नाआधीच दमले होते. पण तेवढ्यात मालक म्हणाले, “जलमभर लोकांच्या बायका फिरवल्या. आपली तेवढी र्‍हायली.”

असं कुणी म्हटल्यावर नको कसं म्हणायचं? मी म्हटलं, “चहा ठेवू का?”

हा माझा जुना आजार आहे. जिथं बाकीच्या बायका ‘नको’ म्हणतात, तिथं माझ्या तोंडून चहा निघतो. (पाहुण्यारावळ्यांत आमचं घर फार अगत्याचं समजलं जातं.)

लोणंदला एका शेठकडे तसली गाडी होती. जुन्या मिनीबसचं घर केलेलं. आम्ही तिघं गेलो: मालक, मी आणि माझ्या सासूबाई. सासूबाई माझ्या सख्ख्या आत्याच, म्हणजे घोड्यामागं चालण्यात माझ्यापेक्षा जुन्या. शेठनं सगळं दाखवलं. हे ओढलं की टेबल होतं, ते पाडलं की पलंग होतो, आणि ह्या पलंगाखाली बॅटऱ्या आणि वायरी आहेत, इथं पाणी लागू देऊ नका. आत्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोंबड्या कुठं बांधायच्या?”

शेठ गोंधळला. म्हणाला, “आजी, ह्यात एसी आहे.”

“एसीला बांधायच्या व्हय?”

शेवटी शेठ म्हणाला, चार दिवस घेऊन जा. पसंत पडली नाही तर परत आणा, मी एका शब्दानं विचारणार नाही. फक्त जशी नेली तशी आणा. मालकांनी त्याच्यासमोर माझ्याकडे बोट केलं. “हिच्या हातात हाय. चार दिसात ही एकदा जरी नको म्हणली, तर गाडी परत.”

जन्मात एवढी मोठी गोष्ट कुणी माझ्या हातात दिली नव्हती. मी पदर सावरला, तोंड उघडलं आणि म्हटलं, “चहा...”

शेठनं लगेच चहा मागवला. मालक म्हणाले, “पसंत हाय तिला.”

तर हातात चार दिवस होते आणि बोलायचा शब्द एक.

पहिल्या दिवशी आम्ही लोणंदहून कुंडलला निघालो. तिथं आमची सुरेखा दिली आहे. ऊस, पाणी, दारात ट्रॅक्टर, असं घर आहे. मी ठरवलं, की वाटेत कोरेगाव यायच्या आत सांगून टाकायचं. कोरेगावच्या अलीकडे एका फाट्यावर मी “आवं” एवढं म्हणाले, आणि तेवढ्यात रस्त्याकडेच्या एका म्हातारीनं हात केला.

बत्तीस वर्षांचा पाय. गाडी थांबली!

म्हातारी वांग्यांची पाटी घेऊन चढली आणि आमच्या पलंगावर बसली. तिच्यामागून कडब्याच्या दोन पेंढ्या आणि त्यांच्याखाली एक माणूस चढला. मला वाटलं, आता मालक सांगतील. मालकांनी आरशात बघून मलाच विचारलं, “झालं का?” आणि मी काय करावं? मी घंटीची दोरी शोधायला लागले.

म्हातारीनं आधार कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. “मला फुकट हाय बाई. पंच्याहत्तर झाली.” ही एसटी नाही, आमचं घर आहे, असं एवढ्या वयाच्या बाईला तोंडावर सांगायचं म्हणजे! मी म्हटलं, “चहा ठेवू का?” म्हातारीनं कडब्याकडे बघून सांगितलं, सरकार लय सुधारलं.

कोरेगावात मालकांनी गाडी सरळ स्टँडात घातली आणि फलाटाला लावली. त्यांचा दोष नाही, स्टिअरिंग आपोआप वळलं असणार. दार उघडायच्या आत खिडकीतून जागा धरायला तीन रुमाल, एक टोपी आणि एक दप्तर आत पडलं. टोपी बेसिनमध्ये पडली. टोपीवाल्यानं आत येऊन बेसिन आपलंच आहे असं सगळ्यांना बजावलं. रहिमतपूर येईपर्यंत आत सतरा माणसं होती. मी तीन वेळा चहा केला. संडासाचं दार उघडून एकजण “इथं एक जागा हाय” असं ओरडला आणि खरंच जाऊन बसला. आत्या मात्र खुशीत होत्या. एवढंच म्हणाल्या, “मेंढरं बरी गं. ती चालत तरी यायची.”

शेवटचा माणूस पुसेसावळीला उतरला. जाताना परतीची वेळ विचारून गेला. मालकांनी सांगितली!

कुंडलला दोन दिवस गाव लोटलं. मालक प्रत्येकाला पलंग पाडून दाखवत, टेबल ओढून दाखवत, आणि मी प्रत्येकाला चहा देत होते. ते एकटे असे सापडेनातच. इतकी दमले, की वाटलं, मेंढरामागं जरा तरी उसंत असायची.

चौथा दिवस उजाडला. आज गाडी लोणंदला परत गेली नाही, तर ती आमची. मी गाडीच्या संडासात गेले. कडी असलेली तेवढीच एक जागा होती. आरशासमोर उभी राहून सराव केला. “आवं, मला नको. आवं, मला नको.” वीस वेळा म्हटलं. विसाव्या वेळी चांगलं जमलं. तसंच तोंडात धरून बाहेर आले, तर समोर विहीणबाई उभ्या. हातात दुधाचं भरलेलं पातेलं.

“नव्या घरात दूध उतू गेल्याबिगर तुमाला कशी जाऊ दिन?” त्या म्हणाल्या.

हे घर आज परत जाणार आहे, असं विहिणीला सांगायचं? लेकीच्या सासूला? मी काय म्हटलं ते तुम्हाला कळलंच असेल. त्या म्हणाल्या, “ठेवा की. ह्याच दुधाचा.”

आता दूध उतू जायचं तर ते पूर्वेला जायला पाहिजे. आमच्या शेगडीचं तोंड पश्चिमेला. विहीणबाई अडून बसल्या. आत्या म्हणाल्या, पश्चिमेला गेलं तर घरात भांडणं लागतात. मालक हसले. “त्यात काय? घरच फिरवू की.”

एसटीच्या माणसाला गाडी मागं घ्यायला कुणी शिकवायला नको. पण उसाला कालच पाणी पाजलं होतं. मागची चाकं बांधावरून खाली गेली आणि एका अंगाला पार बुडली. घर तिरकं झालं. शेगडी मात्र बरोबर पूर्वेला आली. विहीणबाई म्हणाल्या, “आता कसं!”

दूध वर आलं. सरळ घरात ते चार थेंब उतू जातं. आमच्या घरात पातेलंच निघालं. सांडशी माझ्या हातात होती, पण मी तेव्हा मनात ‘मला नको’ घोळवत होते. सगळं दूध पूर्वेला गेलं, एक थेंब इकडं तिकडं नाही, आणि पूर्वेला पलंग होता. पलंगाखाली बॅटऱ्या. (शेठनं पाणी म्हटलं होतं. दुधाचं काही बोलला नव्हता.) फट्ट असा आवाज झाला, दिवे गेले, आणि खवा करपल्याचा वास सुटला. मालकांनी चावी फिरवली. गाडी बोलेना.

“लय चांगला शकुन,” आत्या म्हणाल्या.

जावयाच्या ट्रॅक्टरनं गाडी बाहेर काढली. शेठला फोन लावला. तो म्हणाला, बर्फीच्या वासाची गाडी मी दिली नव्हती. जशी नेली तशी आणा.

मालक मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बांधावर बसून ते गाडीकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, “जाऊ दे. तुला आवडली व्हती न्हवं? आता आपलीच हाय.”

परत द्यायची होती मला, आणि आपली करून ठेवली मीच.

गाडी ट्रॅक्टरला बांधून गावी आणली, घरामागं लावली. ती तिथंच आहे. कोंबड्या स्टिअरिंगवर बसतात, एसीला बांधाव्या लागत नाहीत. दुपारी सगळं आवरलं की मी आत जाते, कडी लावते, टेबल ओढते आणि हे असलं काहीबाही लिहायला वही काढते. तिथं कुणी चहा मागत नाही. घर जागचं हलत नाही. चाळीस वर्षांत मला मनासारखं मिळालेलं हे पहिलं घर, आणि ते मी मालकांना कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात मालकांनी कोरेगावहून मेकॅनिक आणला. त्यानं पलंग उचलला, वास घेतला आणि म्हणाला, दोन दिवसांत धावेल. मालकांचा चेहरा हार घातलेल्या दिवशीसारखा फुलला. त्याच्यासमोर त्यांनी मला विचारलं, “बोल. कोकण दावतो तुला. करायची चालू का र्‍हाऊ दे अशीच? तुझ्या हातात हाय.”

या वेळी माझी वर्षभराची तयारी होती. ‘हाय तशी राहू द्या’, एवढंच म्हणायचं होतं. मी पदर सावरला. मालक माझ्याकडे बघत होते, मेकॅनिक बघत होता, स्टिअरिंगवरची कोंबडीसुद्धा बघत होती. मी तोंड उघडलं.

मेकॅनिकनं दोन कप घेतले. रविवारी आम्ही कोकणात निघतोय.