उत्तराची वाट न पाहता

कुस्तीच्या खेळाच्या मालकाने माझ्या एका गिऱ्हाईकाची मान मोडली आणि त्याला अपघात म्हटलं.

विनिपेगमधल्या माझ्या जुन्या फर्निचरच्या दुकानात तिकीट लावून होणाऱ्या दिखाऊ कुस्त्यांमधला हा म्हातारा कॅनेडियन पैलवान येतो. बाजूची खुर्ची बघायची तरी त्याला अख्खं अंग वळवावं लागतं. काल घासाघीस करताना मी चिडून म्हणालो, "तुझ्या कुस्त्यांसारखा माझा भाव आधी ठरलेला नसतो!"

"निकाल ठरलेला असतो, दोस्ता. पडणं खरंच असतं."

त्याने माझा हात हातात घेऊन हळूच दाबला. "उचलण्याआधी असं विचारायचं. समोरच्याने उलट दाबला, की तो तयार. शेवटच्या कुस्तीत मी अजून दाबलाच नव्हता. मालक रिंगणाबाहेरून ओरडत होता, उरक लवकर, उचल त्याला! समोरचा पोरगा घाबरला. त्याने उचललं."

मी सही घेतल्याशिवाय कुणाला स्टूलसुद्धा देत नाही. आणि ही माणसं भर गर्दीत एकमेकांना शिव्या देत, नुसत्या हाताच्या दाबावर आपली मान दुसऱ्याच्या हवाली करतात. इतका सरळ व्यवहार मी बाजारात पाहिलेला नाही.

तो पोरगा अजूनही येऊन त्याच्याजवळ रडतो. मालक मात्र म्हणाला, "धंद्यात असं होतं."

धंदा मीही करतो. असं होत नाही, कुणीतरी ते करतं. त्या मालकाने याच्यासमोर उभं राहून सांगावं: घाई तुझी होती, मग मान याची का गेली?