पुसलेली फुली

ऑयगेन हेफेलेला बायकोनं घराबाहेर काढलं आणि तो आता तळघरात पिपांशेजारी दिवस काढतो, ही बातमी बेकरीत मीच पसरवली. निम्मी खरी होती. तळघरात तो होता, पण लोरेनं त्याला काढलं नव्हतं. तोच तिच्यापासून तोंड लपवत होता.

ऑयगेन माझा शेजारी. नेकार नदीच्या वळणावर त्याचे लेम्बर्गर द्राक्षाचे दोन मळे. खालचा त्याच्या बापाचा. वरचा, दगडी बांधांवरचा, लोरेच्या माहेरचा. वर वारा बोचरा, द्राक्ष पिकायला आठ-दहा दिवस जास्त घेतं. तो चढ चढून लोरेनं अडतीस वर्षं छाटणी केली, आणि वाइन मात्र दोन्हीकडची एकत्र करून ‘ऑयगेन हेफेले’ या नावानं विकली गेली. लोरे त्यावरून भांडत नसे. पाहुण्यांसमोर चष्मा लावून लेबल मोठ्यानं वाचून दाखवायची, एवढंच.

म्हणून तिच्या पासष्टाव्या वाढदिवसासाठी ऑयगेननं गुपचूप बेत केला. वरच्या मळ्याची वाइन प्रथमच वेगळ्या पिपात ठेवली. मोठं पीप गळतंय, अशी तिला थाप मारली. ‘लोरे’ नावाची लेबलं छापून आणली. आणि ओळख म्हणून तिच्या पिपावर खडूनं बारीकशी फुली काढली.

फेब्रुवारीत आमच्याकडे दाराबाहेर खराटा टांगतात. तो दिसला की समजायचं, घरची वाइन घरच्याच टेबलावर प्यायला मिळणार. खराटा टांगण्याआधी लोरे तळघर घासून काढते. यंदा पिपंसुद्धा घासली. फुली गेली. आणि दोनच दिवसांनी बाटल्या भरणारा ट्रक दारात येणार होता.

“डावं होतं की उजवं?” ऑयगेननं मला विचारलं. जसं काही मीच खडू धरला होता. लोरेला विचार म्हटलं, तर असा बघायला लागला की मी पेले आणायला उठलो.

मग आम्ही चाखायला बसलो. डाव्यात मला मिरीचा झटका लागला. वरचा मळा, मी म्हणालो. उजव्यातही मिरीच लागली. तिसऱ्या पेल्यानंतर डावं कोणतं आणि उजवं कोणतं हेच मला सांगता येईना. ऑयगेनचं मत सकाळी एक, दुपारी दुसरं. हाच माणूस नाक चोंदलेलं असतानाही दोन मळे ओळखतो म्हणून दर हंगामात फुशारक्या मारायचा. शेवटी लोरेच्या भावाला, कूनोला बोलावलं. तो त्याच बांधांवर लहानाचा मोठा झालेला. त्यानं दोन्ही पेले संपवले, मिशी पुसली आणि ठामपणे सांगितलं की यातली कुठलीच आमची नाही.

ट्रक आला. नळी हातात धरून माणूस विचारतो, आधी कुठलं? ऑयगेननं एकाकडे बोट दाखवलं, मग दुसऱ्याकडे, मग पुन्हा पहिल्याकडे. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं. शेवटी ऑयगेन म्हणाला, दोन्ही भर आणि एकाच ढिगात रच.

त्याच दुपारी तो छापखान्यात गेला. वाढदिवसाला आमच्याकडे वाइनबरोबर खातात तो कांद्याचा खारा केक आला, कूनो आला, मी तर आधीच येऊन बसलो होतो. टेबलावरच्या आणि मागच्या फळीवरच्या एकूण एक बाटलीवर ‘लोरे’. ऑयगेनचं नाव औषधालाही नाही. लोरेनं चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे लेबल मोठ्यानं वाचलं. एकदा वाचून थांबली नाही, पुन्हा वाचलं. मग एका बाटलीतला घोट घेतला, दुसऱ्या बाटलीतला घेतला.

“यातली एक माझी नाही,” ती म्हणाली.

“कुठली?” ऑयगेननं विचारलं.

“ते तू सांग. नाक तुझं,” असं म्हणून ती केक कापायला लागली. पण बाटली तिनं दुसऱ्या हातातून सोडली नव्हती.

निघताना कुंपणापाशी मी ऑयगेनला डिवचलं. म्हटलं, अरे, बापाच्या मळ्यालाही बायकोचं नाव देऊन बसलास, तुझं काय उरलं?

“तिच्या एका बाटलीवर जरी चुकून माझं नाव पडलं असतं, तर ती ते मरेपर्यंत वाचून दाखवत बसली असती. आणि जेवण मला तिच्या हातचं जेवायचंय, तुझ्या नाही.”