फळीवरचा तालुका

वीज येण्याआधी आमच्याकडे विजेवरून भांडण आलं. सरकारी कामांपैकी निदान हे एक तरी वेळेआधी झालं, म्हणून लिहून ठेवतो.

बाजारच्या दिवशी जुन्नरच्या शाळेत वीजखात्याचे एक साहेब भली मोठी लाकडी फळी घेऊन आले. फळीवर तालुक्याचा नकाशा, नकाशावर तारा, गावाच्या जागी नखाएवढा दिवा आणि दिव्याखाली एक गोल खुंटी. खुंटी पिळली की त्या गावाची विजेची मागणी वाढायची. या सगळ्याला वीज पुरवत होती टेबलाखालची मोटारची बॅटरी, कारण जुन्नरात दुसरी वीज नव्हती.

"हा खरा तालुका नाही," साहेब म्हणाले, "पण अगदी खऱ्यासारखा वागतो. खांब रोवण्याआधीच पुढे काय होईल ते इथं कळतं."

खरा तालुका फळीभोवती उभा होता आणि वाटेल तसा वागत होता. घाटघरहून डोंगर उतरून आलेले दोघे आपलं गाव शोधत होते. त्यांच्या गावाच्या जागी दिवा नव्हता, फळी आवळायचा स्क्रू होता.

"स्क्रू आला म्हंजे वीज बी येईल, राव," त्यातला एक म्हणाला. एवढा आशावाद मला आमच्या पक्षाच्या सभांतही आढळला नव्हता.

मी डिंगोऱ्याच्या मामीबरोबर गेलो होतो. मामा मुंबईला गिरणीत, त्यामुळे मळा, विहीर आणि ऑइल इंजिन मामीच्या गळ्यात. ते इंजिन सुरू करायला लोखंडी हँडल फिरवावं लागतं, आणि इंजिनाची लहर फिरली की हँडल उलटं मारतं. मामीला ते तसंच मारलं होतं. उजवं मनगट सुजून पट्टीत होतं. तिला बटणावर चालणारी मोटार हवी होती, बाकी काही नाही. माझ्या पिशवीत 'वीज हा गावाचा हक्क!' अशी पत्रकं होती. मामीकडे मनगट होतं. कोणाचा मुद्दा भारी होता ते सांगायला नको.

साहेबांनी डिंगोऱ्याची खुंटी जरा पिळली आणि मान हलवली. "मागणी फार कमी. एवढ्यासाठी इतक्या लांब तार ओढणं परवडत नाही."

मी उसळलो. "वीज नाही तिथं विजेची मागणी येणार कुठून? तहानेल्याला पाणी देण्याआधी, काल किती प्यालास, असं विचारता काय?"

"कालचं नको," साहेब थंडपणे म्हणाले. "वीज आली तर किती पंप घ्याल, तेवढं सांगा."

झालं. आमच्या डिंगोऱ्याचे एक पुढारी ओरडले, "चाळीस!"

पिंपळवंडीच्या एका बागायतदाराने फेटा सावरला. "आमचे साठ!"

"मग आमचे शंभर!"

"अवो भावजी," मामी हळूच म्हणाली, "गावात विहिरी तरी तेवढ्या हायेत का?"

"वहिनी, बोलायला काय कर बसतो का?"

साहेबांनी जो आकडा कानावर पडला त्याप्रमाणे खुंट्या पिळल्या. सगळा तालुका विडीच्या टोकासारखा लाल झाला, आणि तारेच्या अगदी शेवटी असलेलं डिंगोरं पार विझलं.

"पाहिलंत? शेवटच्या गावाला विजेचा दाब पुरत नाही. मागणी फार जास्त झाली. जाड तार लागेल, आणि ती मंजूर नाही."

म्हणजे कमी मागितली तर परवडत नाही, जास्त मागितली तर पुरत नाही. पूर्वी नकार द्यायला माणूस नेमावा लागे. आता फळी पुरते. याला प्रगती म्हणतात.

मागे कंदील दुरुस्त करणारे बाजारपेठेतले चाचा उभे होते. ते म्हणाले, "साहेब, खुदा तुमच्या फळीला सलामत ठेवो. माझं दुकान अजून चालतंय."

हशा पिकला, तेवढ्यात आमच्या पुढाऱ्यांनी हात घालून पिंपळवंडीची खुंटी उलटी पिळली. डिंगोऱ्याचा दिवा लागला!

"ए भाऊ, हात काढ!" बागायतदार धावले. "आमच्या गावची वीज चोरतो व्हय?"

"तुमच्या बापाची हाय का?"

"पाटाचं पाणी आपण पाळीनं घेतो ना? मग पाळीनं घ्या की! आमचं झाल्यावर तुमी!"

बागायतदार रागात बोलले खरे, पण बोलून ते स्वतःच थबकले. तोडगा सगळ्यांनाच पटला. मग लगेच, दिवसाची पाळी कोणाची, यावर नवी जुंपली.

"आन् आमी काय घुबडं?" आमचे पुढारी म्हणाले.

"मला चालंल रातची," मामी पुढे होऊन म्हणाली. "बटणच दाबायचंय. आन् ते शंभर काढा आधी. खरं असंल तेवढंच धरा."

मग लोकांनी खरे तेवढेच पंप धरून पिंपळवंडीची खुंटी खाली आणि डिंगोऱ्याची वर केली. दिवा लख्ख लागला. घाटघरच्या दोघांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना कशाचा आनंद झाला, देव जाणे.

साहेबांनी एकेक खुंटी पुन्हा वर पिळली. "असं चालत नाही. सगळे पंप एकदम सुरू आहेत असं धरूनच पाहायचं असतं."

"पण आमी एकदम लावणारच न्हाई," बागायतदार म्हणाले.

"ते तुम्ही म्हणता. फळीत पाळीची सोय नाही."

दिवा विझला. डिंगोरं दुसऱ्या टप्प्यात गेलं.

"दुसरा टप्पा कवा?" मामीने विचारलं.

"पहिला झाल्यावर."

"आन् तवर?"

"ऑइल इंजिन उत्तम यंत्र आहे, बाई."

मामीने पट्टीतलं मनगट त्यांच्यापुढे धरलं. "मग उद्या सकाळी या घरी. च्या पाजते. तेवढं हँडल मारून द्या."

साहेब हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

सकाळी हँडल मी मारलं. दोनदा मारलं, इंजिनाने दाद दिली नाही. "आंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, न्हाईतर मोडंल," मामी म्हणाली. मग तिने आपला डावा हात माझ्या हाताशेजारी घातला, दोघांनी जोर केला, आणि इंजिन फटफटायला लागलं.