दादाची दारुड्याची नक्कल

माझा मोठा भाऊ दारूला शिवण्याच्या कितीतरी आधी अख्ख्या उमरी गावात दारुडा म्हणून प्रसिद्ध होता.

आमच्या घरी चहापलीकडे कसलं व्यसन नव्हतं. बाबा तहसील कचेरीत होते, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचे नाहीत. रविवारी टीव्हीवर जुना चित्रपट लागला की शेजारपाजारचे सगळे आमच्या बैठकीत येऊन बसायचे. त्या चित्रपटांत दारू पिणारे ठरलेले असत. प्रेयसी दुसऱ्याच्या घरी गेली म्हणून पिणारा नायक, तो गाणं म्हणायचा. बायकोचे दागिने विकून पिणारा नवरा, तो शेवटी तिच्या पायाशी बसून बाटली फोडायचा आणि आमची आई पदराने डोळे पुसायची. आणि एखादा विनोदी नट, दिव्याच्या खांबालाच साहेब समजून त्याच्याशी हुज्जत घालणारा. दादाने हा तिसरा उचलला.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याने पहिल्यांदा ही नक्कल केली. पाय एकीकडे, मान दुसरीकडे, आणि बोट मात्र अगदी सरळ समोर रोखलेलं. मुख्याध्यापक खुर्चीतून घसरायचे बाकी होते. बाबांना मी इतकं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. चष्मा काढून ते डोळे पुसत होते आणि शेजारच्या माणसाला सांगत होते, "आमचा हाय तो."

कॉलेजात गेल्यावर दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या एका कलापथकाने त्याला बोलावलं. मग बिलोलीकडच्या गावांतून, देवळापुढच्या पारावर, त्यांची नाटकं व्हायची. दादा दारुडा. शेवट अर्थातच चित्रपटासारखा: दारुडा शुद्धीवर यायचा, बाटली फेकायचा. एका गावात तो बाटली फेकण्याआधीच बायकांतली एक म्हातारी उठली आणि तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"लेकरा, खरंच सोड रे. माझा तर गेला," ती म्हणाली.

"मावशी, चहा हाय हे," दादा हळूच म्हणाला.

तिने बाटली हुंगून पाहिली, खरंच चहा होता. तरी ती परत दिली नाही. घरी येऊन हे सांगताना दादा हसला नाही. आई म्हणाली, "पुण्याचं काम करून राहिलास तू."

पुढे त्याला नांदेडला शेतीच्या औषधांच्या कंपनीत विक्रीची नोकरी लागली. रेणापूरची मुलगी वहिनी म्हणून आली, मुलगी झाली. माझं लग्न होऊन मी लातूरला शिक्षिका झाले. दादाला दुकानदारांबरोबर जेवायला बसावं लागतं, तिथे थोडी घ्यावी लागते, एवढंच आधी कानावर आलं. मग वहिनीचे फोन यायला लागले. फोनवर ती नुसती रडायची.

बाबा एकदा मला घेऊन नांदेडला गेले. दादाला समोर बसवलं.

"कुणी काय केलं तुला? नोकरीत काही त्रास हाय? घरात काही हाय?"

"न्हाई बाबा."

"मग?"

"काहीच न्हाई. घेतली की बरं वाटतं."

तो खोटं बोलला असता, एखादं दुःख सांगितलं असतं, तर बाबांना ते चाललं असतं. पडद्यावरच्या दारूला कारण असायचं, ते कारण दूर झालं की दारू सुटायची. आमच्या हाती दूर करायला काही लागेना.

त्यानंतर त्याने सोडलीही. देवापुढे आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली, ढसाढसा रडला. आईने गल्लीभर पेढे वाटले. चित्रपट इथेच संपतो, लोक उठून घरी जातात. आमच्या घरी मात्र दुसरा दिवस उजाडला, तिसरा उजाडला, आणि पोळ्याच्या आसपास वहिनीचा फोन आला. मग पुन्हा शपथ, पुन्हा फोन. पेढे पुन्हा कुणी आणले नाहीत. वहिनी मुलीला घेऊन रेणापूरला माहेरी गेली.

सगळ्यात वाईट दिवस लातूरचा. माझ्या चुलत बहिणीची हळद होती, भरदुपारी मांडव पाहुण्यांनी भरलेला. दादा आला, आणि दारातच मला कळलं. तो अगदी सरळ चालत होता, एकेक पाऊल मोजून-मापून. नाटकातला माणूस झुलतो, खरा प्यायलेला न झुलण्यासाठी जिवाचा आटापिटा करतो. तेवढ्यात एका मामांनी त्याला पाहिलं.

"आरं, आमचा दारुडा आला! कर की ती नक्कल, पोरांनी पाह्यली न्हाई."

दादा हात जोडून "नको, नको" म्हणत होता. लोक टाळ्या वाजवायला लागले. शेवटी तो मांडवाच्या मधोमध गेला. पाय एकीकडे टाकला आणि तोल गेला, हळदीच्या ताटावर पडला. मांडव हसून हसून फुटायला आला. "लई भारी," कुणीतरी ओरडलं. दादा उठायला बघत होता, उठता येत नव्हतं, आणि लोकांना वाटत होतं हेही नकलेतच आहे. बाबा गर्दीतून वाट काढत गेले. त्यांनी त्याला बगलेत धरून उठवलं, अंगावरची हळद झटकली आणि म्हणाले, "चल घरी." तेव्हा कुठे हसणं थांबलं. त्या वयात त्यांना तो पेलत नव्हता. मी दुसरी बाजू धरली.

नांदेडच्या दवाखान्यात तो शेवटी बरेच दिवस होता. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. वहिनी रेणापूरहून येऊन त्याच्या उशाशी राहिली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. एका सकाळी तो मला म्हणाला, "ती म्हातारी आठवून राहिली गं. चहा हाय म्हणून सांगितलं तरी तिने बाटली दिली न्हाई." मी त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिले. दोन दिवसांनी तो गेला.

वहिनी आता लातूरला माझ्या घराजवळ राहते, शिकायला आलेल्या मुलींसाठी मेस चालवते. भाची बारावीला आहे. वडिलांविषयी ती कधी विचारत नाही. परवा मात्र माझ्याकडे मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "आत्या, पप्पा सगळ्यांना लई हसवायचे म्हणे. मामाआजोबा सांगत होते."

"हाव, हसवायचा."

"काय करायचे?"

'दारुड्याची नक्कल' हे शब्द माझ्या ओठांवर आले. तिने घरी वडिलांना फक्त तसंच, खरंच प्यायलेलं, पाहिलेलं होतं, पाय एकीकडे, मान दुसरीकडे. तिला मी काय करून दाखवणार होते?

"मला सायकल त्यानेच शिकवली," मी म्हणाले. "मागे कॅरिअर धरून पळायचा, आणि सोडलं की सांगायचाच नाही."

ती पुढचं ऐकायला थांबली होती. मी मेथीची जुडी तिच्याकडे सरकवली.