हुरडा पार्टीत मी कन्नड बोललो

मृत्यूनंतर माणसाचं काय होतं, या प्रश्नाशी मानवजात हजारो वर्षं झुंजते आहे. मला त्याचं उत्तर मोहोळच्या अलीकडे एका शेतात, रविवारी दुपारी, बहुधा मिळालंही असतं... पण नेमका त्या वेळी मी शुद्धीवर नव्हतो.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त शुद्धलेखनाच्या चुका बघायला वाचत आलो. मी सोलापुरातल्या एका खासगी कॉलेजात ग्रंथपाल आहे. छातीत धडधड, हाताला घाम, लिफ्टचं दार बंद झालं की आता आपण गेलो असं वाटणं – यासाठी आठ महिन्यांपासून एक गोळी घेतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या गोळीवर दारू नाही. गुंगी वाढते, काय बोललात ते आठवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी घबराट दुप्पट होऊन परत येते." मी मान डोलावली होती. मी तसाही वर्षातून दोनदा पिणारा माणूस.

चूक माझीच. वैद्यकीय रजेच्या अर्जाला लोक फॅमिली डॉक्टरकडून 'ताप' लिहून आणतात. मी पडलो नियमाचा माणूस. मी खरी चिठ्ठी जोडली, मानसोपचारतज्ज्ञांची, गोळीच्या नावासकट. ती संस्थेच्या सचिवांकडे गेली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांच्या नावाआधी चार विशेषणं आणि गळ्यात बाराही महिने कुणीतरी घातलेली शाल असते. त्यांनी ती चिठ्ठी स्टाफ मीटिंगमध्ये मोठ्यांदा वाचली आणि म्हणाले, "आपल्या ग्रंथपालांचं आता पुस्तकांवर भागंना, गोळ्या लागायला लागल्या." साठ माणसं हसली. त्यातल्या चाळिसांना मी पुस्तकं परत न केल्याची आठवण कधीच करून दिली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

पुढचा डाव आठवड्यात कळला. मला 'मानसिकदृष्ट्या अपात्र' ठरवून काढायचं आणि जागी अण्णांच्या जावयाचा भाऊ बसवायचा. ठराव सोमवारच्या बैठकीत येणार होता. आदल्या दिवशी, रविवारी, अण्णांच्या शेतावर स्टाफची वार्षिक हुरडा पार्टी. गैरहजेरीची नोंद होते.

मी सूड घ्यायचं ठरवलं. पंधरा दिवस आंघोळ करताना वाक्यं तयार केली. एकूण अकरा. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी, आणि त्यांत अण्णांची चारही विशेषणं एकेक करून सोललेली. अडचण एकच होती, अण्णांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते. त्यावरचा उपाय त्या शेतात स्टीलच्या ग्लासांतून फिरत होता. बाईमाणसं बांधापलीकडे होती म्हणून त्याला ताक म्हणत होते.

आगटीत कणसं भाजत होती. अण्णा गादीवर लोडाला टेकून होते. मला बघून म्हणाले, "या गोळीवाले सर. घ्या की थोडं ताक. का डॉक्टरला फोन लावू?"

सगळे हसले. शेजारी आमचे रसायनशास्त्राचे नदाफ सर होते. ते पीत नाहीत. हळूच म्हणाले, "सर, नका घेऊ. तुमचं औषध चालू आहे. ही दोन रसायनं एका पोटात नको."

मी घेतलं. एक. मग दुसरं. शेंगाचटणीची चिमूट तोंडात टाकल्याचं आठवतं. पहिलं वाक्य मनात म्हणून बघितल्याचं आठवतं. त्यानंतर थेट साडेचारची उन्हं, नदाफ सरांच्या गाडीची मागची सीट, आणि माझ्या शर्टावर माझंच दुपारचं जेवण.

"मी बोललो का?" मी विचारलं.

"बोललात."

"अकराच्या अकरा?"

नदाफ सरांनी आरशातून बघितलं. "मोजलं नाही. कन्नडमध्ये बोललात."

मला कन्नड येत नाही. 'ऊट आयतू का', म्हणजे जेवण झालं का, एवढं येतं, तेही सोलापुरात सगळ्यांनाच येतं. नदाफ सरांनी सांगितलं ते असं – मी उठलो, चपला काढल्या, अण्णांच्या गादीवर त्यांच्या अगदी जवळ मांडी घालून बसलो आणि त्यांच्या शालीचं टोक हातात धरून खालच्या आवाजात दहा मिनिटं बोललो. अण्णा आधी हसले. मग हसायचे थांबले. मग त्यांचा ग्लास उपडा झाला. ते रांगत गादीवरून उतरले आणि चपला न घालता उसातून गाडीकडे गेले.

सोमवारी ठराव आला नाही. अण्णाच आले नाहीत. पंधरवड्याने बैठक झाली, तेव्हा तो विषयच कुणी काढला नाही.

मी दोन दिवस अंथरुणात होतो, उलट्या आणि धडधड. डॉक्टरांनी सांगितलेली दुप्पट घबराट अगदी वेळेवर आली. तिसऱ्या दिवशी शिपाई महादेवप्पाला गाठलं. तो अक्कलकोटकडचा आहे, घरात कन्नडच बोलतो, आणि तेव्हा तो आगटीजवळच होता.

"महादेवप्पा, मी काय बोललो?"

"तुमी न्हाई बोलला, सर."

"मग कोण?"

तो रजिस्टरं सारखी करू लागला. "अण्णा आमच्याच गावचं, घरात कन्नडच. त्यास्नी एक थोरली बहीण हुती. लगीन झालं न्हवतं. घरात अडचण व्हायली म्हनून अण्णांनी येडी हाय असं लिहून दिलं आन् दवाखान्यात ठिवली. तितंच गेली. गावात कुणी बोलत न्हाई."

"आणि मी?"

"तुमी त्यास्नी तम्मा म्हणत हुता. म्हंजे धाकटा भाऊ. म्हनला, तम्मा, सही करताना तुझा हात का रं थरथरत न्हवता? म्हनला, नऊ वरसं मी दाराकडं तोंड करून बसले, तू एकदा बी आला न्हाईस. आता ह्या मास्तराला बी तितंच पाठवतूस का?" त्याने रजिस्टर मिटलं. "आजून लई हाय. ते मी सांगनार न्हाई. त्ये बहीणभावाचं हाय."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. दारू आणि गोळीने स्मृती जाते हे त्यांनी मान्य केलं. नवी भाषा येते का, यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. लहानपणी शेजारी कन्नड कुटुंब होतं का, असं विचारलं. नव्हतं. शेजारी विमा एजंट होता. आणि दवाखान्यातली नऊ वर्षं मला कोण सांगणार? मी अण्णांना घाबरत होतो, ओळखत नव्हतो.

माझ्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर मागच्या महिन्यात अण्णा दिसले. टोपी भुवयांपर्यंत, गळ्यात शाल नाही, हातात चिठ्ठी. मला त्यांची चिठ्ठी मोठ्यांदा वाचता आली असती. मी फक्त नमस्कार केला, चारही विशेषणं लावून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा. एवढा सूड माझा स्वतःचा. बाकीचा, खरं सांगायचं तर, दुसऱ्याच कुणीतरी घेतला, आणि माझी अकरा वाक्यं तशीच राहिली.

नदाफ सरांच्या फोनमध्ये त्या दुपारचं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. आवाज माझाच आहे. बोलणं सलग आहे, कुठे अडखळणं नाही. याचा खुलासा माझ्याकडे नाही, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर कृपया विज्ञानाच्या पुस्तकातला द्या, पोथीतला नको. महादेवप्पा त्या चाळीस सेकंदांचा अर्थ सांगायला तयार नाही, म्हणून मी मोबाईलवर कन्नड शिकायला घेतलं आहे. चार महिने झाले. तिसऱ्या धड्यावर आहे. कालच्या चाचणीत दहापैकी दोन मिळाले.